वाचक विचारतात : वळीवर वळी चढवून केलेली झारी

मागच्या अंकात मी चाक न वापरता पाण्याची झारी कशी करायची ते लिहिलं होतं, म्हणजे खाली थापलेली चकती, तिच्यावर करंगळीएवढ्या जाडीच्या मातीच्या वळ्या एकावर एक, त्या आतून-बाहेरून एकजीव करायच्या, मग तोटी किंवा चोच आणि शेवटी कान. त्यावर सांगली-सातारा दोन्हीकडून भरपूर पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले, खूप बरं वाटलं. फोटो जवळजवळ सगळ्यांनी पाठवलेत, पण "पाणी भरून ओतून बघितलं" असं फक्त दोघींनीच लिहिलंय. झारी ओतण्यासाठी असते हो! कितीही सुंदर दिसली तरी ओतताना टेबल भिजवत असेल तर ती फुलदाणी झाली. म्हणून या वेळी उत्तरं देताना मी सारखी ओतण्याकडेच येणार आहे.

प्रश्न : ताई, मी तासगावची. स्टोनवेअरची (खूप जास्त तापमानाला पक्की भाजायची) माती मागवून झारी केली, छान उभी राहिली, पण वाळताना वळ्यांच्या जोडावर आडव्या भेगा पडल्या. बाहेरून तर सगळं गुळगुळीत केलं होतं. काय चुकलं सांगा की.

"बाहेरून गुळगुळीत" हेच चुकलं. बाहेरून बोट फिरवलं की जोड दिसेनासा होतो आणि आपल्याला वाटतं झालं, पण आत दोन वळ्या नुसत्या एकमेकींवर बसलेल्या असतात, आणि माती वाळताना आकसते तेव्हा त्या आपापल्या वाटेने जातात. आधी आतून जोडायचं. डावा हात बाहेरून आधाराला, उजव्या हाताचा अंगठा आत, आणि वरच्या वळीची माती खालच्या वळीवर ओढून आणायची, दर बोटभर अंतरावर एकदा, पूर्ण गोल. मग बाहेरून उलट, खालची माती वर. त्यानंतर लाकडी पट्टी नाहीतर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने सारखं करायचं.

एक प्रयोग करा आणि जीव कठोर करून करा. पाच-सहा वळ्यांचं एक साधं नळकांडं करून ते ओलं असतानाच दोऱ्याने उभं कापा आणि कापलेली बाजू उजेडात धरा. माती एकसारखी दिसली तर जोड पक्का, पावाच्या स्लाइससारखे थर किंवा बारीक काळ्या रेघा दिसल्या तर अंगठा कमी पडला. क्लासला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली झारी कापायला लावते, काहीजणींच्या डोळ्यांत पाणी येतं, पण दुसऱ्या झारीला भेग पडत नाही.

वळी वळताना कडबोळी आठवा. बोटांनी दाबत बसलं की ती चपटी होते, तळहात पूर्ण उघडा ठेवून मधून बाहेर वळत जायचं, चपटी झालीच तर पाव वळसा फिरवून परत. वळायच्या फळीवर ओला स्पंज फिरवून घ्या, नाहीतर कोरडं लाकूड मातीतलं पाणी पितं आणि वळीला बारीक चिरा पडतात. टोकं तिरकी कापून जोडा, आणि प्रत्येक वळीचा जोड वेगळ्या जागी येऊ द्या, सगळे एकाच रेषेत आले तर तिथे वरपासून खालपर्यंत एकच भेग जाते.

आणि घाई नको. तीन-चार वळ्या झाल्या की थांबायचं, खालचा भाग जरा आवळून घट्ट झाला की पुढच्या, नाहीतर पोट फुगतं आणि झारी बसते. मे महिन्यात आमच्याकडे सांगलीत पंख्याखाली अर्धा तास पुरतो, पावसाळ्यात दोन-तीन तास. तेवढ्यात वरच्या काठावर ओलं फडकं ठेवायचं, कारण पुढची वळी तिथेच बसणार. काठ आवळला असेल तर काट्याने ओरखडे काढून दह्याइतका घट्ट चिखल लावून मगच वळी ठेवा. दोन्ही मऊ असतील तर चिखलाची गरज नाही, उगाच पाणी लावत बसलं की उलट जोड कमजोर होतो.

प्रश्न : मोजून १ लिटरची झारी केली, भाजून आली तर पाऊण लिटरही मावत नाही! भट्टीवाल्यांनी बदलली की काय असं वाटलं. (कराड)

बदलली नाही, आकसली. बऱ्याचशा स्टोनवेअर माती ओल्यापासून पूर्ण भाजेपर्यंत लांबीत साधारण १२ टक्के कमी होतात. १२ टक्के ऐकायला कमी वाटतं, पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही कमी होतात ना, त्यामुळे ०.८८ ला ०.८८ ने दोनदा गुणलं की उरतं ०.६८, म्हणजे ओल्या मातीत १ लिटर मावत असेल तर भाजल्यावर जेमतेम ६८० मिली. उलटा हिशोब केला तर १ लिटरसाठी ओलं भांडं जवळपास दीड लिटरचं हवं. माझं ठरलेलं माप सांगते, आतून १० सेंटिमीटर रुंद आणि पाणी जिथपर्यंत भरायचं तिथपर्यंत १९ सेंटिमीटर उंच. त्याच्यावर आणखी दोन बोटं काठ, नाहीतर उचलताच सांडतं. तुमच्या मातीच्या पाकिटावर आकसण्याचा आकडा दिलेला असतो, तो आधी बघा.

प्रश्न : माझ्या झारीतून ओतलं की पाणी तोटीखालून ओघळत पोटावर येतं. आणि सासूबाई म्हणतात पाण्याचा जग वगैरे परदेशी प्रकार, आपल्याकडे तांब्या होता. दोन्हीवर बोला! (मिरज)

आधी सासूबाईंना नमस्कार सांगा, तांब्या आपलाच, पण तोटीचं भांडंही आपलंच, आणि तेही फार जुनं. अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे गाव आहे, तिथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं, आणि त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी लाल, काळ्या रेघांची नक्षी असलेली भांडी पुढे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सापडली, पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावलाही. त्यात बाजूला नळीसारखी तोटी असलेली भांडी आहेत, तीन हजार वर्षांपूर्वीची! ती इतकी नीट भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. ती चाकावरची होती, साठवणीची मोठी जाड भांडी मात्र हाताने केलेली. पुण्याला गेलात तर डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जाऊन या, आणि ती तोटी पोटावर किती वर बसवलीय ते नीट बघा.

आता तुमची गळती. पाण्याला गोल गुळगुळीत काठ आवडतो, ते त्याला चिकटून वळतं आणि खालून मागे येतं, विशेषतः आपण हळू ओततो तेव्हा. काठ धारदार असला की पाणी तिथे तुटतं. म्हणून तोटीच्या टोकाची खालची कड पातळ आणि टोकदार ठेवायची, ती बोटाने गोल करायची नाही, आणि टोक किंचित खाली झुकलेलं ठेवायचं. ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावताना तिथे जाड थर बसला तर केलेली धार परत गोल होते, तेव्हा ओल्या स्पंजने टोकाचं ग्लेझ पुसून पातळ करा.

दुसरं म्हणजे नळीचा आकार. मुळाशी रुंद, टोकाला अरुंद, म्हणजे पाणी येता येता गोळा होतं आणि धार बांधली जाते. पाइपसारखी एकसारखी तोटी असली की पाणी गुळगुळ करत थुंकतं. मी मातीची पातळ पोळी लाटून ती गाजरावर गुंडाळते, गाजराला वर्तमानपत्राचा एक वेढा देऊन म्हणजे चिकटत नाही, आकार आपोआप येतो. तोटीचं टोक पाणी भरायच्या रेषेच्या वर पाहिजे, नाहीतर झारी पूर्ण भरायच्या आधीच तोटीतून वाहायला लागेल, पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला राहणार हे आपण शाळेत शिकलोय.

पोटाला एक मोठं भोक पाडण्यापेक्षा पेन्सिलीएवढी सात-आठ भोकं पाडा, भिंत मजबूत राहते आणि सब्जा घातलेलं सरबत असलं तरी सगळा सब्जा पहिल्याच ग्लासात येत नाही. चाकावर केलेल्या तोटीचं तोंड भाजताना थोडं पिळतं, हाताने केलेल्या तोटीला तो त्रास नाही, ही आपल्या पद्धतीची मोठी जमेची बाजू.

तोटीऐवजी नुसती चोच काढायची असेल तर काठ मऊ असतानाच दोन बोटं बाहेरून टेकवून तिसरं ओलं बोट आतून हळूहळू बाहेर ओढायचं, एकदम नाही, पंधरा-वीस वेळा. चोचीच्या मागे आत एक खोलगट पन्हळ उतरत गेली पाहिजे, पाणी त्याच वाटेने चालतं.

प्रश्न : आमचं कृष्णाकाठी रान आहे, काळी माती हवी तेवढी. बाहेरून माती विकत का घ्यायची? (वाळवा तालुका)

तुमचा प्रश्न मला मनापासून आवडला, स्वतःच्या रानातल्या मातीची झारी घरात असणं यासारखं सुख नाही. पण काळी माती ऊस-सोयाबीनला चांगली तशी भांड्याला एकटी चांगली नाही. ती पाण्याने प्रचंड फुगते आणि वाळली की तेवढीच आकसते, उन्हाळ्यात रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात ना, त्याच भेगा झारीला पडणार. म्हणून तर कुंभार तिच्यात राख, लीद, वाळू असं काय काय मिसळतात.

दुसरी अडचण चुनखडीची. ते पांढरे खडे भट्टीत भाजले की त्याचा कळीचा चुना होतो, आणि भांडं घरी आणल्यावर तो हवेतला ओलावा घेऊन फुगतो, मग आठवड्याने, कधी महिन्याने झारीच्या पोटावरून टिकलीएवढी खपली उडते आणि आत पांढरा ठिपका दिसतो. वाळलेल्या मातीची पूड करून तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसलं तर चुना आहे. माती पाण्यात पातळ कालवून धोतराच्या कापडातून गाळली की खडे जातात, आणि जो बारीक चुना उरतो तो सहसा त्रास देत नाही. रान क्षारपड असेल तर ती माती सोडाच, वाळताना क्षार वर येतात आणि भांड्यावर पांढरा थर धरतो.

गाळलेल्या मातीत चौथा हिस्सा बारीक वाळू किंवा फुटक्या मडक्याची कुटलेली पूड मिसळा, एक पट्टी करा, ओली असतानाच तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा, वाळल्यावर मोजा. ९ च्या खाली गेली तर अजून पूड घाला. अशा मातीची झारी कुंभाराच्या आव्यात (भट्टीत) लाल भाजून घ्या, ती माठासारखी झिरपेल आणि पाणी गार ठेवेल. पाण्यासाठी उत्तम, दूध-तेलासाठी नाही.

(विट्याहून एका ताईंनी गणपतीच्या उरलेल्या शाडूची झारी केली आणि पाणी भरल्यावर ती ताटात बसली. ताई, न भाजलेली कुठलीही माती पाण्यात परत चिखलच होते, शाडूचा गणपती बादलीत विरघळतो तो याचमुळे. शाडू मूर्तीसाठी म्हणून विकतात, भट्टीसाठी तपासून नाही, तेव्हा त्यावर तोट्या आणि कान जोडायचा सराव करा, भाजायला देऊ नका.)

प्रश्न : जावळीत आमच्याकडे पावसाळ्यात काहीच वाळत नाही. पंधरा दिवस ठेवून भाजायला दिली तरी झारी भट्टीत फुटली. सगळे म्हणतात आत हवेचा बुडबुडा राहिला असेल.

हवेने फुटत नाही, ओलाव्याने फुटते. मातीत पाणी राहिलं आणि भट्टी भराभर शंभर डिग्रीच्या पुढे गेली की त्या पाण्याची वाफ होते, वाफेला पाण्याच्या सोळाशे पट जागा लागते, ती भिंत फोडून बाहेर पडते. बुडबुड्यात ओलावा साठतो म्हणून त्याचं नाव होतं. माती नीट मळायचीच, पण पूर्ण वाळलेलं भांडं बुडबुड्यासकट सुखरूप भाजून निघतं.

हे मी पैसे मोजून शिकलेय. माझी पहिली मोठी झारी दिवाळीच्या आधी पाहिजे म्हणून मी घाईने भाजायला दिली, भिंत कोरडी होती पण कानाच्या मुळाशी मी मातीचा चांगला दोन सेंटिमीटर जाड गोळा लावला होता, तो आतून ओला. फुटली ती फुटली, तिच्या तुकड्यांनी शेजारच्या, दुसऱ्या कुणाच्यातरी दोन वाट्यांचे काठ उडवले. त्या वाट्या बघून मला जे वाटलं ते अजून आठवतं. तेव्हापासून भिंत, तळ, कानाचं मूळ, कुठेही एक सेंटिमीटरच्या वर जाडी ठेवत नाही.

वाळलं का ते कळायला झारी गालाला लावा. गार लागली तर अजून पाणी उडतंय, थांबा. खोलीइतकीच लागली की तयार. तुमच्याकडे आषाढ-श्रावणात हवाच ओली असते तर पंधरा दिवसच काय महिनाही कमी पडेल, शेवटचे दोन दिवस फ्रीजच्या मागे किंवा चुलीजवळच्या फडताळात ठेवा, आणि भट्टीवाल्यांना सांगून ठेवा की रात्रभर ८०-९० डिग्रीवर ठेवून मगच वाढवा. पुढे ५७३ डिग्रीला मातीतल्या वाळूचा स्फटिक एकदम आकार बदलतो, तिथेही चढताना-उतरताना सावकाश. पहिली भाजणी साधारण १००० पर्यंत, ग्लेझनंतरची स्टोनवेअरची १२०० च्या वर.

जतच्या वाचकांचं उलटं आहे, त्यांचं एका दिवसात वाळून तडकतं. त्यांनी झारीवर पातळ प्लास्टिकची पिशवी घालायची आणि रोज ती उलटी करून परत घालायची, पाच-सहा दिवस.

प्रश्न : झारीत ताक आणि कोकम सरबत ठेवलं तर चालेल का? हिरवं ग्लेझ लावायचं आहे. (वाई)

ग्लेझवर अवलंबून आहे आणि इथे मी कडक बोलणार आहे. शिसं असलेलं ग्लेझ खाण्या-पिण्याच्या भांड्याला कधीही लावायचं नाही, ताक, लिंबू, कोकम, चिंच हे आंबट पदार्थ ते शिसं ओढून घेतात आणि ते पोटात जातं, चवीला काही कळतही नाही. हिरव्या रंगासाठी तांबं वापरतात, तेही आंबटात उतरू शकतं. म्हणून आतून खाण्यासाठी सुरक्षित म्हणून विकलेलं साधं पारदर्शक किंवा पांढरं ग्लेझ लावा आणि हिरवं बाहेरून, काठाच्या खाली. भाजून आल्यावर आत लिंबाची फोड रात्रभर ठेवा, सकाळी रंग उडाला किंवा चमक गेली तर ती झारी फुलांना द्या. रंग तसाच राहिला म्हणून शंभर टक्के सुरक्षित असं मात्र नाही, विकायची असेल तर लॅबमध्ये तपासून घ्या.

आपल्या आज्यांच्या लोणच्याच्या बरण्या आठवा, त्या स्टोनवेअरच्याच, मीठ आणि आंबट वर्षानुवर्षं सोसतात, कारण माती इतकी पक्की भाजलेली असते की ती पाणी पीत नाही. तुमच्या झारीचं तसं झालंय का बघायचं तर ग्लेझ न लावलेला तुकडा त्याच भट्टीत भाजून कोरडा वजन करा, रात्रभर पाण्यात ठेवून पुसून परत वजन करा. १०० ग्रॅमचा तुकडा १०२-१०३ च्या पुढे गेला तर भाजणी कमी पडलीय.

प्रश्न : वय ७१, हाताला थोडा कंप आहे. चाकावर बसायला गेलो तर जमलं नाही. हे जमेल का? (सातारा)

जमेल काका, नक्की जमेल. चाक फिरत असतं म्हणून हात स्थिर लागतो, वळीला तुमचा वेग चालतो, दमलात की ओलं फडकं टाकून उद्या करा. नायजेरियाच्या लाडी क्वाली या बाई वळ्या चढवूनच पाण्याचे मोठे घडे करायच्या, आज तिथल्या २० नायराच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे. आपल्या मणिपूरमध्येही लोंगपीची काळी भांडी चाकाशिवायच होतात. माती थोडी कुटलेली पूड असलेली घ्या, ती उभी छान राहते. कोपर टेबलाला टेकवून काम करा आणि सुरुवात अर्ध्या लिटरच्या झारीपासून करा.

प्रश्न : मी आठवीत आहे. माझ्या झारीचा कान दोनदा पडला. (सांगली)

बाळा, कान कधी लावलास? झारी पूर्ण वाळल्यावर लावला असशील तर तो पडणारच, कारण झारीचं आकसणं संपलेलं असतं आणि कानाचं सुरू व्हायचं असतं. झारी ओल्या खोबऱ्याएवढी घट्ट झाली पाहिजे, नखाचा ठसा उमटतो पण दाबल्याने वाकत नाही, तेव्हा. कानाची पट्टी करून ती पण तासभर तशीच होऊ दे. मग दोन्हीकडे काट्याने ओरखडे, चिखल, दाबून लाव, आणि आतून दुसरा हात आधाराला धर म्हणजे भिंत आत जाणार नाही. कान बारीक असतो म्हणून आधी वाळतो आणि ओढून तुटतो, त्याच्यावर प्लास्टिक गुंडाळून ठेव, झारी आणि कान सोबत वाळू दे.

जागा पण बघ. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, झारीचं वजन ८००-९०० ग्रॅम, एवढं सगळं त्या कानावर येतं. वरचं टोक काठाच्या जरा खाली आणि खालचं टोक पोट जिथे सगळ्यात फुगलंय तिथे लाव, आईची चार बोटं आत जातात का आणि त्यांची पेरं पोटाला घासत नाहीत ना ते आधीच बघून घे. आणि भाजेपर्यंत झारी कानाला धरून अजिबात उचलू नकोस, दोन्ही हात पोटाखाली घालून उचल. भाजून आली की पाणी भर, ओत, आणि ओततानाचा व्हिडिओ मला पाठव.